टाकं भरलेलं ठेव

"माज्या पान्याला नावं ठेवायची नाय, गोवर्धन. सांगून ठेवतो."

"नावं कुटं ठेवतोय, भावोजी? येवडंच बोलतोय, नळ्या माज्या बराबर हायेत. तुमचं पानी त्यांना खातंय."

"पानी खातं? पानी काय उंदीर हाय?"

"उंदीर बरा. उंदीर आवाज तरी करतो."

"ऐक. ठान्यापासून उरनपर्यंत या खाडीला माज्या टाक्यातल्यासारखं चोख पानी कोनी दाखवावं, डोक्यावरची टोपी काडून त्याच्या पायावर ठेवीन."

"टोपी हाय कुटं तुमच्या डोक्यावर?"

"इकत घेईन नि ठेवीन!"

शनिवारची दुपार होती. रबाळ्याच्या खाडीकाठी, रंगाच्या कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून असलेल्या उघाडीवर हे चाललं होतं. उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं दार. दोन दगडी खांब, खांबांना खाचा आणि खाचांत एकावर एक बसवलेल्या सागाच्या पाच फळ्या. फळ्या उचलल्या की भरतीचं पाणी आत शिरायचं, खाली सोडल्या की खाडी बाहेर. आत आलेलं पाणी चरातून कारखान्याच्या टाक्यात आणि टाक्यातून पंपाने कूलरच्या, म्हणजे यंत्रं थंड ठेवणाऱ्या सांगाड्याच्या, लोखंडी नळ्यांत. टाकं आपलं म्हणायचं. तसं ते चांगलं तळ्याएवढं होतं. या पाच फळ्या गेली चार वर्षं धर्मा उचलत होता आणि सोडत होता.

गोवर्धन त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यात फिटर. ठाण्याला राहून काम शिकून आलेला, म्हणून बोलण्यात जरा पाणी जास्तच. पण आज त्याच्या खिशात मेमो होता. या हंगामात कूलरच्या नळ्या चौथ्यांदा फुटल्या होत्या, कारखाना तीन दिवस बंद होता, आणि नळ्या बसवणाऱ्याने मंगळवारपर्यंत लेखी खुलासा करावा, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल, असं त्या कागदात टाइप केलेलं होतं.

"मना येक सांगा," गोवर्धन आता हळू बोलला. "पावसाच्या चार महिन्यांत नळी फुटली कं कदी?"

"नाय."

"दिवाळी झाली का फुटायला लागते. बरोबर?"

"मंग? दिवाळी झाली का तूच दारू पिऊन नळ्या बसवत असशील."

गोवर्धन हसला नाही. पिशवीतून त्याने वीतभर लांबीचा नळीचा तुकडा काढला. उभा चिरलेला. आतून नळी गंजून चाळणी झालेली आणि गंजावर जाड, पांढरी, खरखरीत साय.

"ही कालची. साहेबाला दाखवली, साहेब बोलला, बसवताना ठोकली असशील. तुमी बघा. तुमी पान्यातलं जानता ना?"

त्याने तो तुकडा फळीवर आपटला आणि निघून गेला.

धर्माने तो तुकडा उचलला. मग, इकडेतिकडे बघून, नखाने साय खरवडली आणि जिभेवर ठेवली.

जीभ खोटं बोलत नाही. त्याची तर नाहीच.

धर्मा मिठागरात जन्मला होता. अक्षरशः. त्याची आई डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालली होती, ती पाटी उतरवून झोपडीत शिरली आणि धर्माला घेऊन बाहेर आली, असं गावात सांगत. बाप, कान्हा, मिठागराचा पाणक्या. कोणत्या दिवशी, कोणत्या घटकेला खाडीचं पाणी आत घ्यायचं हे ठरवणारा माणूस. मालक मुंबईत राहायचा. मिठागर कान्हाच्या जिभेवर चालायचं. तो ओंजळीत पाणी घ्यायचा, चाखायचा, थुंकायचा आणि म्हणायचा, "नाय अजून," किंवा नुसताच मान हलवायचा.

पोराला त्याने अक्षर शिकवलं नाही, पाणी शिकवलं. सप्तमी-अष्टमीला भांग. भांगाची भरती लंगडी, पाणी आळशी, डोंगरातल्या ओढ्याचं गोडं पाणी त्यात मिसळलेलं. असलं पाणी वाफ्यात घेतलं तर महिनाभर ऊन खाईल आणि मूठभर मीठ देणार नाही. अवस-पुनवेला उधाण. उधाणाचं पाणी समुद्राच्या पोटातून येतं, अंगात जोर घेऊन येतं. तेच घ्यायचं. घेतलं की पहिल्या खड्ड्यात उन्हाला उभं ठेवायचं, मुरू द्यायचं, मगच पुढे सोडायचं. आणि गोड्या पाण्याला मिठागराच्या वाऱ्यालाही उभं करायचं नाही.

कान्हा गेला तेव्हा धर्मा चोवीस वर्षांचा होता; सन बावन्न. जिभेचं काम त्याच्याकडे आलं. पुढची दहा वर्षं त्याने ते असं केलं की पलीकडच्या मिठागरांचे मुकादम त्याच्या फळ्या उचलल्या का बघून आपल्या फळ्या उचलायचे. बायजा, आता त्याची बायको, तेव्हा तिथेच पाटी वाहायची. तिने त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून थुंकत होता. "मना वाटलं, येड्याला गावानं हितं सोडलाय," असं ती अजून सांगते.

बासष्ट-त्रेसष्टात मालकाने मिठागर बंद केलं. रस्त्याच्या कडेने कारखान्यांच्या भिंती उठत होत्या. रंगाच्या कारखान्याला खाडीच्या पाण्यातलं कळणारा माणूस हवा होता. तेव्हाचे इंजिनियर, पुढे वर्षभरातच बडोद्याला निघून गेलेले, उघाडीवर आले, धर्माला फळ्या दाखवल्या, टाकं दाखवलं.

"टाकं भरलेलं ठेव," ते म्हणाले. "कधी रिकामं दिसता कामा नये. बाकी पाण्यातलं तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

इतकंच. पाणी कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि धर्माने विचारलं नाही. का विचारील? एवढं मोठं टाकं, एवढा खर्च करून बांधलंय, म्हणजे पाणी उत्तमच हवं असणार. आणि उत्तम पाणी कोणतं, हे त्याला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं.

चार वर्षं त्याने अवस-पुनवेचं उधाण धरून पाणी घेतलं. भांगाचं थेंबभर घेतलं नाही. चराच्या तोंडाशी स्वतः खड्डा खणून पाणी उन्हात मुरवलं. आणि पारसिकच्या डोंगरातून उतरणारा ओढा, हिवाळ्यातही मनगटाएवढी धार असलेला, टाक्यात शिरून पाणी पातळ करत होता, म्हणून दोन रविवार खपून, कुणी सांगितलं नसताना, त्याच्यावर चिखलाचा बांध घातला आणि धार बाहेरच्या बाहेर खाडीत वळवली.

जिभेवरची ती पांढरी साय त्याची होती. त्याच्या हाताचं मीठ होतं ते. लोखंडाच्या पोटात पिकवलेलं.

*

"हसतंस काय?"

बायजा हसत होती. नळीचा तुकडा मांडीवर, भाकरीच्या पिठाचे हात हवेत, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती.

"अवो, म्हंजे चार वर्षं तुमी कंपनीच्या टाक्यात मिठागर चालवत व्हता! नि वर पगार घेत व्हता!"

"हळू बोल. भिंतीपलीकडं गोजरा हाय."

"गोजराला काय कळतंय कूलर का फूलर!" आणि मग ती एकदम थांबली. "नि मेमो गोवर्धनला."

"हां."

"माज्या भावाला."

"तुज्या भावाला. मना ठावं हाय कुनाचा भाऊ हाय तो."

सोमवारी साडेअकराला कॅन्टीनच्या शेडमध्ये सभा होती. नवे वर्क्स मॅनेजर देवस्थळीसाहेब मुंबईला कसलंसं शिक्षण घेऊन आले होते. आल्या आल्या त्यांनी गेटवर हिरवा बोर्ड लावला: 'सन १९६८ : दोनशे टन रंग'. खाली बारीक अक्षरात 'माझे काम, कंपनीचे ध्येय'. आता प्रत्येकाने उभं राहून एका वाक्यात सांगायचं होतं, की मी रोज जे काम करतो त्याने दोनशे टनांना काय मदत होते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांची वाक्यं साहेबांनी स्वतः लिहून कार्डं दिली होती. धर्माचं पहिलं वाक्य होतं; नमुना म्हणून. कार्डावर लिहिलं होतं, 'चार वर्षांत माझे टाके एकदाही रिकामे झालेले नाही.' गोवर्धननेच ते त्याला आठवडाभर आधी वाचून दाखवलं होतं आणि पाठीवर थाप मारली होती.

"मंग?" बायजाने विचारलं. "काय करनार?"

"तू सांग."

"मी नाय सांगनार. 'बोला' बोलले, नि नोकरी गेली, तर जलमभर माज्या नावानं शिमगा. 'गप बसा' बोलले, नि गोवर्धन गेला, तर मी हितं चुलीपुढं बसून कुनाला भाकरी वाढू? तुमाला कं त्याला?"

"मंग मी काय करू?"

"ते चाखून बघा," बायजा म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

रात्रभर तो या कुशीवरून त्या कुशीवर.

रविवारी उजाडायच्या आत धर्मा फावडं घेऊन ओढ्यावर गेला. आपलाच बांध. दगड कुठे बसवलाय, चिखल कुठे दाबलाय, सगळं हाताला पाठ. फोडायला पाव घटका लागली नाही. ओढ्याची धार क्षणभर गोंधळली आणि मग चार वर्षांपूर्वीची वाट आठवल्यासारखी चरात शिरली, टाक्याकडे निघाली.

आता टाक्यातलं जुनं पाणी काढायला हवं होतं. दुरुस्तीसाठी कूलर बंद होता, पाणी कुणाला लागत नव्हतं. ओहोटी लागली तशी त्याने पाचही फळ्या उचलल्या. मुरलेलं, जड पाणी खाडीत जाऊ लागलं. संध्याकाळच्या भरतीच्या आत फळ्या परत लावल्या, पहाटेची भरती उतरल्यावर सोमवारी पुन्हा उचलल्या. सोमवारी सकाळी नऊला टाक्याचा तळ दिसला. शेवाळ, एक फुटकी बादली, आणि मधोमध ओढ्याच्या पाण्याचं चुळकाभर डबकं.

त्याने ते चाखलं. गोडं होतं. त्याला शहारा आला. सवयीने तो थुंकला.

आणि तिथेच त्याला दुसरी गोष्ट सुचली. न सुचती तर बरं. बांध फुटला होता. गोडं पाणी येत होतं. आजपासून नळ्या खाल्ल्या जाणार नव्हत्या. गोवर्धन गेला असता, नवा फिटर आला असता, नळ्या टिकल्या असत्या. साहेब म्हणाले असते, बघा, फिटरच वाईट होता. कुणाला काही कळलं नसतं. गोवर्धन ठाण्याला कुठेतरी लागला असता, हातात काम होतं त्याच्या. आपलं काय? चाळीशी आली. मिठागर उरलं नाही. जीभ घेऊन कुणाच्या दारात उभं राहायचं?

*

सभा साडेअकराला सुरू झाली. धर्माचा जीव सभेत नव्हता. आज अष्टमी, साडेबाराच्या सुमाराला ओहोटी संपणार. फळ्या वर होत्या. पाणी फिरायच्या आत त्या खाली गेल्या नाहीत, तर खारं पाणी पुन्हा टाक्यात, आणि दोन दिवसांची मेहनत पाण्यात. शेडच्या खिडकीतून खाडीत नांगरलेल्या दोन होड्या दिसत होत्या. ओहोटी आहे तोवर त्यांची तोंडं ठाण्याकडे. पाणी फिरलं की त्याही फिरणार, उरणकडे तोंड करणार. धर्मा होड्यांवर नजर लावून बसला.

देवस्थळीसाहेब बोलत होते. बोलायचे छान, हातवारे करून, नाटकातल्या वकिलासारखे. "आपण सगळे एका माळेचे मणी आहोत. कुठलंच काम लहान नाही. पहिला मान धर्माला द्यायचा होता, पण त्याची बाजू सगळ्यात भक्कम आहे, तेव्हा त्याने शेवट करावा. बोला, शेवंताबाई!"

धर्माने होड्यांकडे बघितलं. शेवट!

झाडणारी शेवंताबाई पदर तोंडाशी धरून उभी राहिली. "मी झाडते, म्हनून... म्हनून तुमी घसरत नाय, साहेब."

शेड हसलं. साहेबही हसले. "उत्तम! गोटीराम?"

गेटवरचा गोटीराम ताठ उभा राहिला. "मी गेट राखतो, म्हनून रंग चोरीला जात नाय."

"रंग कोन चोरनार रं?" मागून कुणीतरी.

"शिमग्याला इचार मना!"

असं एकेक. बॉयलरवाला, पॅकिंगवाले, कारकून. गोवर्धन भिंतीला टेकून उभा होता. त्याचं नाव कुणी घेतलं नाही. त्याचं कार्डच नव्हतं. घड्याळ सव्वाबारा. होड्यांची तोंडं अजून ठाण्याकडे, पण दोऱ्या सैल पडल्या होत्या.

"आणि आता धर्मा. मंडळी, या माणसाकडे बघा. उन्हात, चिखलात, एकटा. वर देखरेख नाही, शेजारी सोबती नाही. पण चार वर्षांत..." साहेबांनी हात पसरला. "बोल, धर्मा."

धर्मा उभा राहिला. कार्ड उलटं धरलंय की सुलटं, हे त्याला कळलं नाही, कळायचं कारणही नव्हतं.

"टाकं रिकामं हाय," तो म्हणाला.

"रिकामं झालेलं नाही, असं," साहेबांनी हसून दुरुस्ती केली.

"नाय साहेब. रिकामं हाय. मीच केलं. सकाळी."

धर्माने कार्ड खाली केलं.

"त्यातलं पानी वाईट व्हतं. म्हंजे चांगलं व्हतं, मिठाला. मी उधानाचं घेत व्हतो. वर उन्हात मुरवत व्हतो. गोडं पानी येत व्हतं ते बांध घालून तोडलं. नळ्या त्यानं गेल्या. गोवर्धननं नळ्या ठोकल्या नाय. मी खाल्ल्या त्या. चार वर्षं." त्याने धोतराच्या सोग्यातून नळीचा तुकडा काढला आणि पुढच्या बाकावर ठेवला. "जीब लावून बघा कोनी पन."

कुणी जीभ लावली नाही. गोवर्धन भिंतीपासून पुढे सरकला आणि तिथेच थांबला.

देवस्थळीसाहेब हळू आवाजात म्हणाले, "धर्मा, खाली बस. हे आपण माझ्या खोलीत बोलू."

"तिकडं बोललो तर हितं कोन ऐकनार?"

"पण हे केलंस कशाला तू? कुणी सांगितलं होतं तुला असं पाणी घ्यायला?"

"कोनीच नाय. टाकं भरलेलं ठेव, येवडंच सांगितलं. मी ठेवलं."

"अरे, मग विचारायचं नाही? पाणी कशासाठी लागतं, एका शब्दानं विचारायचं नाही?"

धर्मा पहिल्यांदाच साहेबांच्या तोंडाकडे नीट बघत बोलला. "मिठागरात कोनी इचारत नाय, साहेब. पानी घेतलं का पंद्रा दिसांत म्होरं पांढरं दिसतं. लहान पोराला पन कळतं, आपलं पानी कुटं गेलं. हितं त्या भिंतीपलीकडं काय व्हतं, मना चार वर्षांत कोनी नेऊन दाखवलं नाय. बोर्ड दाखवला. तो मना वाचता येत नाय."

"बरोबर बोलला," शेवंताबाई पदराआडून म्हणाली, आणि आपणच दचकली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते वाईट माणूस नव्हते. पण दीडशे माणसं बघत होती आणि हातातला कागद ठरल्याप्रमाणे संपायला तयार नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"हे बघ. गोवर्धनचा मेमो मी बघतो. पण त्या मेमोवर आता कुणाचं तरी नाव लागणार, हे तुला समजतंय ना? चार वर्षांच्या नळ्या, धर्मा. तीन दिवस कारखाना बंद. मी तुला सरळ विचारतो, सगळ्यांसमोर. तुला इथली नोकरी हवी आहे की नको?"

गोवर्धन म्हणाला, "भावोजी, बोला. हवी म्हना."

मागून गोटीराम म्हणाला, "हात जोड रं, धर्मा."

धर्माने तोंड उघडलं. त्याच वेळी त्याची नजर खिडकीकडे गेली. अलीकडची होडी आडवी झाली होती. तिचं तोंड ना ठाण्याकडे, ना उरणकडे. पलीकडचीही हळूहळू वळत होती.

"धर्मा, मी काहीतरी विचारलंय."

त्याने कार्ड बाकावर नळीच्या तुकड्याशेजारी ठेवलं, धोतर वर खोचलं, दोन बाकांमधून आडवा निघाला आणि कुणाकडेही न बघता शेडच्या बाहेर, उघाडीच्या दिशेने चालू लागला.